शेंडा नसलेली गाठ

मुलांनो, जरा डोळे मिटा. चोरून बघायचं नाही. आता अशी एक खोली मनात आणा, जिच्या चारही भिंतींवरून चेहरे तुमच्याकडे बघत आहेत. कुणाची जीभ बाहेर आलेली, कुणाचे डोळे वाटीएवढे, कुणाला सोंड, कुणाला आयाळ. घाबरू नका, ते मुखवटे आहेत. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ आणि रंग यांचे. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराकडच्या गावांत भोवाडा होतो, तेव्हा माणसं हे मुखवटे तोंडाला बांधून संबळाच्या तालावर नाचतात. त्यातले काही तुमच्या आजोबांपेक्षाही म्हातारे आहेत.

आता त्या खोलीच्या उंबऱ्याशी पाणी आलं आहे, असं समजा. तुम्हाला हात दोनच. काय उचलाल?

सावकाश विचार करा. मिसबाहला हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा तिने क्षणभरही विचार केला नव्हता.

"ताजिया," ती म्हणाली होती.

ही खोली धुळ्यात, पांझरेच्या काठाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होती, आणि ती निंबानानांची होती. निंबानाना शाळेत चित्रकला शिकवायचे. सुट्टी लागली की इतर मास्तर गावी जात, नाना डोंगराकडे जात. कुणी अडगळीत टाकलेला मुखवटा, कुणी उंदरांनी कान खाल्लेला गणपती, असं काय काय ते मांडीवर घेऊन बसने परत येत. पुढे लोकच त्यांच्याकडे वस्तू आणून देऊ लागले. "नाना, आमच्याकडे छत गळतं. तुमच्याकडे राहू द्या," म्हणत. नाना ठेवून घेत. निवृत्त झाल्यावर त्यांचं सारं आयुष्य त्या एका खोलीत मावलं होतं.

दर रविवारी सकाळी नाना गल्लीतल्या मुलांना ओट्यावर जमवत. मिसबाह वरच्या गल्लीतून यायची, तिला नाना 'पथकप्रमुख' म्हणत; तिचा धाकटा भाऊ शेहजाद तिच्या ओढणीला धरून यायचा. नानांची नात रत्ना तर घरातच होती. तिची आई कोकिळा असोद्याला दिलेली, पण रत्ना शिकायला आजोबांकडे धुळ्याला राहायची.

"आपल्या खोलीला शत्रू किती?" नाना विचारत.

"पाणी! आग! वाळवी!" मुलं ओरडत.

"आणि चौथा?"

"घाई!"

"शाबास. घाईत माणूस मुखवटा नाकाला धरून उचलतो, आणि नाक हातात राहतं."

"नाना, तुम्ही मला रोज नाक धरूनच उठवता," रत्ना म्हणायची. "माझं कुठे हातात राहिलं?"

"तुझं नाक मुळातच एवढंसं. धरायला मिळतंय कुठे?"

मग नाना दाखवत. मुखवटा उचलायचा तो दोन्ही तळवे खाली घालून, तान्ह्या बाळासारखा. गुंडाळायचा तो जुन्या सुती लुगड्यात, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण प्लॅस्टिकमध्ये वस्तूला घाम येतो आणि बुरशी धरते. भिजलेली वस्तू उन्हात ठेवायची नाही, तडकते. सावलीत, वारं लागेल अशी ठेवायची. आणि सर्वांत मोठी गोष्ट, भिजलेली वस्तू बंद खोलीत एक दिवसही कोंडून ठेवायची नाही.

ओट्याच्या कोपऱ्यात एका खिळ्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. शेजारी लोखंडी हातोडी. हा नानांच्या शाळेचा जुना टोल. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा नानांनी तो मागून आणला होता. त्याचा नियम अख्ख्या गल्लीला पाठ होता. धोका ज्याला दिसेल त्याने टोल द्यायचा, मग तो म्हातारा असो की शेंबडा. टोल ऐकला की घराघरातून माणसांनी हातातलं काम टाकून सुती कापड घेऊन यायचं. आणि टोल चुकून वाजला तरी वाजवणाऱ्याला कुणी रागवायचं नाही.

शेहजादने एकदा पाल बघून टोल दिला होता. बाया चादरी घेऊन धावल्या, एक आजोबा अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून आले. नाना हसले नाहीत की रागावले नाहीत. सुंदरबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, त्यांनी मोठ्या पातेल्यात चहा टाकायला सांगितला. "पोरानं टोल दिला ना? मग झालं," म्हणाले. "पाल होती म्हणून काय? हात उचलला, हे महत्त्वाचं."

मिसबाहला नाना आवडायचे ते अशा गोष्टींसाठी.

आता ताजियाचं सांगतो. मिसबाहचे दादा, म्हणजे आजोबा, मोहरमचे ताजिये बांधायचे; गल्ली त्यांना हाशमचाचा म्हणायची. बांबूच्या कामट्या, पतंगाचा रंगीत कागद आणि चमचम करणारा अभ्रक. खळीत ते चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे किडे कागद खात नाहीत. कात्रीने कागदात अशी जाळी कापायचे की दिवा लावला तर भिंतीवर फुलं पडत. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरू लागला. मोठा ताजिया होईना, तेव्हा मिसबाहला शिकवण्यासाठी त्यांनी एक छोटा बांधला. हातभर उंच. घुमटाच्या वरच्या दोन जाळ्या मिसबाहने कापल्या होत्या आणि त्या जरा वाकड्या होत्या. दादांनी त्या तशाच लावल्या.

कामट्या बांधायची दादांची एक गाठ होती. दोऱ्याचे तीन वेढे, आणि टोक परत वेढ्यांच्या पोटात. ओढून घेतलं की दोऱ्याचा शेंडा दिसतच नाही. कुठून सुरू झाली, कुठे संपली, कळत नाही. मिसबाहला ती गाठ बसायला एक अख्खी सुट्टी लागली होती.

त्यांच्या घराचे पत्रे गळत होते. नाना एक दिवस आपण होऊन आले आणि म्हणाले, "हाशमभाऊ, हा ताजिया माझ्या खोलीत ठेवू या."

दादा हसले. "नाना, ताजिया शेवटी पाण्यातच जातो. सांभाळून काय करायचं?"

"मोहरमचा जातो. हा पोरीला शिकवायचा आहे."

"ते खरं. आणि पाण्यात जातो तो पण चार खांद्यांवरून, अख्खी गल्ली मागे असते. एकटा नाही जात."

नानांनी खिशातून लाल दोरा काढला. खोलीतल्या मोजक्या वस्तूंना असा लाल दोरा बांधलेला असायचा. लाल दोरा म्हणजे ही वस्तू पुन्हा कुणालाही करता येणार नाही, म्हणून संकटात ही आधी काढायची. बाकीचं मागाहून. दोरे मोजकेच, एका गाडीत मावतील तेवढ्या वस्तूंपुरते. सगळे दोरे नानांनी स्वतः बांधलेले, बुटाच्या नाडीसारखी फुलगाठ मारून. पण हा दोरा दादांनी मागून घेतला आणि ताजियाच्या कळसाला आपल्या हाताने बांधला. थरथरत्या हाताने, पण गाठ तीच. शेंडा नसलेली.

"पाणी आलं तर पहिला हा निघेल," नाना म्हणाले. "माझा शब्द आहे, हाशमभाऊ."

त्या हिवाळ्यात दादा गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मोठ्या शहरातली काही माणसं खोली बघायला आली. गळ्यात कॅमेरे, पायात मऊ बूट. ती गेल्यावर नानांनी मुलांना सांगितलं की खोलीत वाळवीचं औषध मारलं आहे, पावसाळा संपेपर्यंत आत कुणी जायचं नाही. रविवारचा वर्ग ओट्यावरच चालू राहिला. मुखवट्यांऐवजी मडकी उचलायचा सराव. रत्नाने दोन मडकी फोडली.

"ही दोन वाळवीने खाल्ली, नाना," ती म्हणाली.

आणि मग गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात पांझरा फुगली. डोंगराकडे पाऊस कोसळत होता, धरणातून पाणी सोडलं होतं. भोंगा लावलेली गाडी खालच्या गल्ल्यांतून फिरली. शाळा दुपारीच सुटली. मिसबाह घरी पोचली तेव्हा तिचे अब्बा, उमर, लाकडाच्या कामावरून आले होते आणि दारात उभं राहून खाली बघत होते. गल्लीच्या टोकाला तांबडं पाणी दिसू लागलं होतं. त्यांच्या घरापर्यंत ते येणार नव्हतं. नानांच्या घरापर्यंत येणार, हे उघड होतं.

"अब्बा, टोल वाजला का?"

"नाही बेटा. मी पण कानच लावून आहे."

उमरने नानांना फोन लावला. मिसबाहने कान अब्बांच्या कानाला चिकटवला.

"नाना, मी येऊ का? दोन पोरं बरोबर आणतो. डोक्यावर घेऊन वर आणू सगळं."

"नको, नको," नानांचा आवाज घाईत होता. मागे गाडीचं इंजिन चालू होतं. "बठ्ठं काढी लिधं, उमर. सगळं काढलं, पिकअप भरली. आम्ही कोकिळाकडे असोद्याला निघालो. तू पाण्यात उतरू नको."

"पोरगी ताजियाचं विचारतेय."

"अरे, बठ्ठं म्हणजे बठ्ठं!"

उमरने फोन ठेवला. मिसबाहच्या छातीवरचा दगड उतरला. टोल न देताच नानांनी एवढी मोठी खोली रिकामी केली, म्हणजे नाना किती हुशार, असं तिला वाटलं. संध्याकाळी पाणी नानांच्या खिडकीला लागलं, तेव्हा दारातून बघताना ती शेहजादला म्हणाली, "बघ, रिकाम्या खोलीत पाणी शिरतंय. त्याला काही मिळणार नाही."

पाणी ओसरलं. गल्लीभर चिखल राहिला. लोक फावडी घेऊन आपापली घरं काढू लागले. उमरने पुन्हा फोन केला. "नाना, तुमची खोली धुवून ठेवतो. किल्ली कुणाकडे?"

"आमच्याजवळच आहे. राहू दे रे. रिकाम्या खोलीची कसली घाई?"

दोन दिवसांनी पुन्हा केला. पुन्हा तेच. मिसबाहला ते जरा खटकलं. नाना तर म्हणायचे, ओली भिंत कोंडली की पुढच्या वस्तूंना बुरशी धरते. पण नाना म्हणताहेत म्हणजे बरोबरच असेल, असं म्हणून तिने ते बाजूला ठेवलं. मुलांनो, आवडत्या माणसाच्या बाबतीत आपण असंच करतो. खटकलेलं बाजूला ठेवतो.

"मला ताजिया बघायचा आहे," ती मात्र रोज म्हणू लागली. शेवटी रविवारी उमर तिला घेऊन एसटीने जळगावला आणि तिथून असोद्याला गेला.

कोकिळाताईंचं घर केळीच्या बागेला लागून होतं. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मिसबाहला बघून ते उठले, पण नेहमीसारखं "या पथकप्रमुख" म्हणाले नाहीत. "अरे, एवढ्या लांब कशाला आणलं पोरीला?" उमरला म्हणाले.

"ऐकेचना, नाना. ताजिया, ताजिया."

"बस, बस. आधी चहा घ्या."

"मी बघून येते," मिसबाह म्हणाली आणि रत्नाचा हात धरून जिन्याकडे पळाली.

रत्ना मागे मागे येत होती. "पोहे खाल्ले का तू? आईने केलेत. आधी पोहे खाऊ," म्हणाली.

"मग खाऊ."

"गरम आहेत गं."

"रत्ना, तुला काय झालंय?"

एवढी वर्षं मैत्रीण, पण ती गप्प बसलेली मिसबाहने पहिल्यांदा पाहिली.

वरच्या खोलीत खाटांवर सुती लुगडी अंथरून मुखवटे मांडले होते. वारं येईल अशा खिडक्या उघड्या. सगळं नानांच्या शिकवणीप्रमाणे. प्रत्येकाला लाल दोरा, प्रत्येक दोऱ्याला फुलगाठ. मिसबाह एकेका खाटेवरून नजर फिरवत गेली. ताजिया नव्हता. लोटनभाऊंचा नरसिंहही नव्हता. लोटनभाऊ पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरचे. त्यांच्या घराण्याचा मुखवटा ते पावसाळ्यात नानांकडे ठेवत आणि भोवाड्याच्या आधी घेऊन जात.

"बाकीचे कुठे आहेत?"

रत्ना खिडकीबाहेर केळी बघत होती.

कोपऱ्यातल्या खाटेवर वाघदेव होता. पिवळाधमक, मिशा खऱ्या केसांच्या. शहरातल्या माणसांनी याचेच सर्वांत जास्त फोटो काढले होते. त्याच्या कानात लाल दोरा होता. मिसबाह पुढे झाली, आणि थांबली. या दोऱ्याला फूल नव्हतं. तिने बोट फिरवलं. तीन वेढे, आणि टोक पोटात गेलेलं. शेंडा कुठेच लागेना.

तिच्या बोटांना ते आधी कळलं, तिला मागाहून. गाठ कुणी सोडलीच नव्हती. सोडता आली नसेल. ताजियाच्या कळसावरून दोरा नुसता सरकवून काढला होता आणि वाघदेवाच्या कानात अडकवला होता.

"हे पाणी आलं त्या दिवशी केलं?" तिने विचारलं.

"नाही," रत्ना हळूच म्हणाली. "उन्हाळ्यात. ते लोक आले होते ना, त्यानंतर. मी नानांना म्हटलं होतं, मिसबाहला सांगा. ते म्हणाले, सांगतो." तिने नाक पुसलं. "आणि पाण्याचं आम्हाला सकाळीच कळलं होतं गं. पिकअप सकाळपासून दारात होती. मी टोलाजवळ गेले, तर नानांनी हातोडी काढून घेतली."

मिसबाहने वाघदेव उचलला. दोन्ही तळवे खाली घालून. तिला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने उचलताच येत नव्हतं. आणि तशीच ती जिना उतरली.

नाना फोनवर बोलत होते. "हो लोटनभाऊ... हो हो. तुमचा नरसिंह सुखरूप शे. काही काळजी करू नका. सवडीनं या." त्यांनी फोन खाली ठेवला आणि वर बघितलं. समोर मिसबाह, तिच्या हातात वाघदेव.

"हा दोरा माझ्या दादांचा आहे," ती म्हणाली.

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. उमरने आधी पोरीकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे. त्यालाही ती गाठ येत होती. बापाकडूनच शिकला होता.

"नाना," तो म्हणाला, "ताजिया कुठे आहे?"

"बैस, उमर. सांगतो."

"उभ्यानेच ऐकतो."

नानांनी फोन उचलून खिशात टाकला. "त्या लोकांनी सगळा संग्रह बघितला," ते म्हणाले. "वाघदेव बघून वेडे झाले. अशी वस्तू देशात दुसरी नाही, म्हणाले. ताजियापाशी थांबलेसुद्धा नाहीत. शिकवण्यापुरता केलेला नमुना, म्हणाले. मला वाटलं, खरंच आहे की. नमुना तर पुन्हा करता येतो."

"कोण करणार?" मिसबाहने विचारलं.



"गाडीत जागा नव्हती, पोरी. एकच फेरी होणार होती."

"मी फोन केला होता, नाना," उमर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी वरच्या गल्लीत होतो. हातभर तर आहे तो ताजिया. एका हातात घेऊन आलो असतो. तुमची गाडी कोण मागत होतं?"

"तू आत आला असतास, तर लोटनचा नरसिंहही दिसला असता. आणि बाकीच्यांचे. टोल दिला असता, तर बठ्ठी गल्ली आली असती. लोकांनी विचारलं असतं, कुणाचं आधी काढलं, कुणाचं ठेवलं." नाना थांबले. "मी काय सांगितलं असतं?"

सुंदरबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

मिसबाह रडली नाही. तिला रविवारचे ते सगळे वर्ग आठवत होते. चौथा शत्रू घाई. मडकी. पातेलंभर चहा. ते सगळं खोटं होतं का? तसं म्हणावं, तर तिच्या हातात वाघदेव अजून बाळासारखा होता. शिकवलेलं एकूण एक खरं होतं. शिकवणारा तेवढा आपल्या शिकवण्यातून निघून गेला होता, आणि मुलांना ओट्यावर मडकी उचलत बसवून गेला होता.

"मी तुला सांगणार होतो," नाना म्हणाले.

"कधी?"

केळीची पानं वाऱ्याने फडफडली.

मिसबाहने वाघदेव नानांच्या मांडीवर ठेवला. मग त्याच्या कानातून दोरा अलगद सरकवला, गाठीला धक्का न लावता, आणि मुठीत घेतला.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"आता काय उरलं असेल तिथे? चिखल आहे नुसता."

"ओली वस्तू कोंडायची नाही. तुम्हीच म्हणता."

नाना जागचे हलले नाहीत. सुंदरबाई पुढे आल्या, कमरेची किल्ली सोडली आणि मिसबाहच्या हातावर ठेवली. "घे, माय," त्या म्हणाल्या. "मन्हं कोन ऐकस?"

एसटीत बापलेक शेजारी बसले. पारोळा आलं, गेलं. उमरने तिला शेंगदाणे घेऊन दिले, तिने ते खाल्ले नाहीत. धुळ्याला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. गल्लीत लोकांनी धुतलेली अंथरुणं कठड्यांवर टाकली होती. नानांच्या ओट्यावर चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. रुळाचा तुकडा जागच्या जागी टांगलेला होता. हातोडी मात्र खिळ्याला नव्हती. ती पायरीच्या फटीत, चिखलात रुतलेली दिसली.

कुलूप गच्च झालं होतं. उमरने जोर लावला तेव्हा दार कुरकुरत उघडलं आणि आतून असा कुबट वास आला की दोघंही मागे सरली. भिंतीवर मिसबाहच्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. खाली चेहरे पडले होते. एकाची सोंड लगदा होऊन फरशीला चिकटली होती. एकावर पांढरी लव आली होती. नरसिंह वरच्या फळीवर तिरका अडकला होता. त्याची आयाळ भिजली होती, रंग ओघळले होते, पण तो अजून अख्खा होता. आणखीही काही होते तसे, ओले, अर्धे, अजून हातात येतील असे.

ताजिया सगळ्यांत खालच्या फळीवर होता. त्या फळीवर काही ठेवायचं नाही, असं नाना मुलांना शेकडो वेळा सांगत आले होते. कागद गेला होता. अभ्रकाचा एक तुकडा चिखलात चमकत होता. उभा होता तो नुसता कामट्यांचा सांगाडा. घुमट, कमानी, कळस, सगळं जागच्या जागी, प्रत्येक सांध्यावर शेंडा नसलेली गाठ. एकही सुटली नव्हती.

एकटाच गेला, मिसबाहला वाटलं. ना खांदा, ना गल्ली. बंद दाराआड.

उमर गुडघ्यांवर बसला. त्याने सांगाडा खालून दोन्ही तळव्यांनी उचलला आणि आपल्या रुमालात घेतला. मग उठला.

"चल बेटा. आपलं आपण घेतलं. दार लावून घेऊ."

"आणि नरसिंह? आणि हे बाकीचे?"

उमरने गल्लीकडे पाहिलं. समोरच्या घरात कुणीतरी फरशी घासत होतं. "नाना म्हातारे आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "गल्लीत त्यांचा मान आहे. लोक आले तर सगळं बघतील. काय काढलं, काय ठेवलं, सगळं. पोरांना शिकवणारा माणूस आहे तो. तुलाही शिकवलं. तमाशा कशाला? दोनचार आपण गुपचूप काढू आणि..."

"दोघांनी रात्रीपर्यंतही होणार नाही, अब्बा. वास बघा ना. आजच काढायला हवेत."

"मिसबाह."

तिने अब्बांकडे पाहिलं. रुमालातल्या सांगाड्याकडे पाहिलं. मुठीतला दोरा तिने उलगडला आणि कळसावर सरकवून दिला, जिथे दादांनी बांधला होता तिथे. तो नेमका बसला.

मग ती ओट्यावर आली. खाली वाकून पायरीच्या फटीतली हातोडी दोन्ही हातांनी ओढून काढली. तिचा दांडा ओढणीला पुसला. टोल तिच्या उंचीहून जरा वर होता, म्हणून तिने नानांची वर्गात बसायची लाकडी चौकी खोलीतून ओढून आणली, तिच्यावर चढली, आणि सगळा जोर लावून रुळावर पहिला ठोका दिला. समोरच्या घरातलं फरशी घासणं थांबलं. मिसबाहने हातोडी पुन्हा उचलली.